खरूज, प्लग काढून

वडगावातला आमचा बोळ रात्री दोनलाही खटाखटत असायचा,
म्हणून तर आम्ही तिथं.
कुगजींच्या शेडात बारा माग
आणि मागच्या खोलीत आम्ही चौघं.
बाराच्या गोंधळात तेरावा कोण मोजतो?

नऊ वर्षं कुणाची तक्रार नाही.
ईरण्णा मिनिटाला दोनशे चाळीस ठोके हाणायचा,
तौसिफची गिटार पत्रा फाडल्यासारखी,
आणि बँडचं नाव खरूज.
आई विचारणाऱ्यांना सांगायची, पोरगा भजनात असतो.

आमचं सगळ्यात मोठं गाणं अडतीस सेकंदांचं.
सगळ्यात लहान म्हणजे एक शिंक.
मी ओरडायचो ते बेंबीच्याही खालून,
आणि निपाणीपासून खानापूरपर्यंत
एकाही माणसाला कळलं नाही
हा मराठीत ओरडतोय की कन्नडात.
बाहेर पाट्यांना काळं फासलं जायचं,
एसटी सीमेवर अडून राहायची,
आम्ही त्या किंचाळीत निवांत,
बिनपत्त्याचे.

मार्चात माग भंगारात गेले, किलोच्या भावानं.
टेम्पोत चढताना एकही वाजला नाही.

दुसऱ्या दिवशी ईरण्णानं पहिला ठोका दिला
आणि सगळा बोळ दारात आला.
आमचा आवाज एवढा मोठा आहे
हे आम्हालाही तेव्हाच कळलं.
शेजारची गंगव्वा पुढं झाली,
नवरा अंथरुणाला खिळलेला.
सद्दु माडब्याड्रप्पा, म्हणाली, हात जोडून.
शिव्या घातल्या असत्या तर वाजवलं असतं.

मग प्लग काढले.
तौसिफनं मामाची लाकडी गिटार आणली, पाच तारांची.
ईरण्णाला कांड्यांची रिकामी पेटी, तीही बोटांनी.
मष्णूच्या बासला पर्याय सापडेना,
त्यानं दोन खिळ्यांना राहिलेलं सूत ताणलं
आणि ते छेडत बसला.
काही ऐकू येत नव्हतं,
पण वाजवत होता जीव तोडून.
फोन ठेवला उलट्या घागरीवर.

अडतीस सेकंदांचं गाणं चार मिनिटं चाललं.
शब्द मीच लिहिलेले, एकोणिसाव्या वर्षी,
पण हळू कधी म्हटलेच नव्हते.
घशात खरवडायला काही नसलं की
शब्द नुसते बाहेर येतात,
आंघोळ करून आल्यासारखे, ओले, ओळखीचे:

*धोटा येतो धोटा जातो
सात नंबर, रातपाळी
अप्पाचं बोट पट्ट्यात
अप्पा म्हणाला
होगली बिडो
नऊ हायत की*

आई दारात उभी होती, हाताला पीठ.
तिनं ते तिथंच चौकटीला पुसलं,
जे ती कधी करत नाही.
"नऊ वर्षं हेच म्हणालास होय?"
होय.
"मग बोंबलत कशाला रे? आत्ता समजालंय की."

मी गिटारकडं बघितलं. गिटार तौसिफची.
समजू नये म्हणूनच, असं म्हणणार होतो,
पण ते खरं होतं का, हे तेव्हाही
मला ठरवता आलं नाही.
ती गेली. चौकटीवर पिठाची चार बोटं.

रेकॉर्डिंगमध्ये कुकरच्या तीन शिट्ट्या आहेत,
खुराड्यातलं कबूतर आहे,
भिंतीपलीकडचा खोकला तर सगळीकडं आहे,
दुसऱ्या कडव्यात तो माझ्याआधी येतो.
मष्णूचं सूत नाही आलं.
तो म्हणतो, आलंय, कान लावून ऐका.

शेवटी राहिली शिंक.
ती तेवढी प्लग काढूनही बदलली नाही.
मी शिंकलो, जोरात, एकदाच,
आणि भिंतीच्या पलीकडून, खोकला आवरत,
गंगव्वाचा नवरा म्हणाला,
नूर वर्षा.

ते आम्ही कापलं नाही.