जी आणि जी-शार्पच्या मध्ये

मेचा तिसरा आठवडा, झिंगाबाई टाकळी,
रात्रीचे साडेनऊ आणि भिंत अजून तव्यासारखी.
पलंगाखालून प्लायवूड ओढला.
त्यावर वेल्क्रोने चिकटवलेली माझी सहा डबडी:
ट्यूनर, वाह, ओव्हरड्राइव्ह, कोरस, डिले, रिव्हर्ब.
अॅम्प लावला,
आणि मी तारेला हात लावायच्या आधीच
तो बोलला.

ऊंऽऽऽ

जी आणि जी-शार्पच्या मध्ये कुठेतरी,
कुठल्याच गाण्यात न मावणारा.
शनिवारी सदरला वाजवायचंय.
मार्विन म्हणाला, कोणाला कळतंय,
तिथे आपल्यापेक्षा प्लेटा जास्त वाजतात.

आधी क्रम बदलून पाहिला.
डिले आधी, ओव्हरड्राइव्ह नंतर लावला
तर एकच वाक्य सात वेळा ऐकून
दर वेळी नव्याने चिडल्यासारखं होतं.
ओव्हरड्राइव्ह आधी, डिले नंतर:
एकदाच चिडायचं
आणि मग ते लांब जाताना ऐकत बसायचं.
हे कळायला मला चार वर्षं लागली,
आणि त्यातली दोन गिटारशिवाय.

ऊं तसाच.

संशय पहिला डिलेवर,
कारण तो माझा नाही.
पोटाला पांढरी पट्टी, निळ्या पेनने लिहिलेलं:
एल्विन पी., मोहननगर.
मस्कतला जाताना अर्ध्या किमतीत दिला,
परत आलो की घेईन म्हणाला.
तो काढून ठेवला. मग कोरस. मग एकेक पॅच केबल
हलवून, वाकवून, नखाने टोकरून.
अॅडॅप्टर काढून नऊ व्होल्टचे सेल घातले,
ते काढताना एक क्लिप तुटली.
शेवटी गिटार थेट अॅम्पमध्ये.

ऊंऽऽऽ

सहाही डबडी निर्दोष.
एल्विनची मनातल्या मनात माफी मागितली.

तारेला बोट लावलं की आवाज दबायचा
आणि बोटाला मुंगी चावायची.
कूलर बंद केला, अर्धा गेला.
पण पंधरा मिनिटांत मीही गेले असते.

तेवढ्यात जिन्यावर चपला.
खालचे उरकुडे काका, घरमालक,
कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त, बनियनवर.
"काऊन वं पोरी, ट्रान्सफॉर्मर आणला का घरात?"
मग गप्प झाले. मान तिरकी केली,
जशी माणसं ओळखीची खोकल्याची ढास ऐकून करतात.
"हा आपलाच पोट्टा आये. पन्नासचा.
पस्तीस वर्षं ऐकला म्या."
पेडलांकडे त्यांनी बघितलंही नाही.
"खड्ड्यात पाणी टाकलं होतं का यंदा?"

मला खड्डा आहे हेच माहीत नव्हतं.

मागच्या बाजूला, त्यांच्या स्कूटरच्या सावलीत,
सिमेंटचं झाकण. खाली माती,
फुटलेल्या टाचेसारखी भेगाळलेली.
नळ एक दिवसाआड. काकू दारातून ओरडल्या,
"कूलरले पाणी नाई अन् खड्ड्याले दोन बादल्या?"
काकांनी मूठभर जाडं मीठ टाकलं,
मी बादली ओतली.
जमीन गटागटा प्यायली,
बुडबुडे आले, मातीने ढेकर दिला.
दुसरीही प्यायली.

वर आलो. कूलर चालू.
सगळी डबडी परत रांगेत, एल्विन पाचवा.
अॅम्पचा लाल दिवा लागला
आणि खोलीत फक्त गवताचा वास, थेंब, पंखा.
काका दारातच उभे होते.
कान अजून त्याच कोपऱ्याकडे,
जिथे आता काही नव्हतं.

"वाजव ना काही."
मी डिले दाबून एकच सूर सोडला.
ते बोटांवर मोजायला लागले,
एक, दोन, तीन, मग ओठांनी,
सातपर्यंत गेले, थांबले.
"आठवा कुठी गेला?"

मला सांगता आलं नाही.
खालून काकू बादली मागत होत्या.