तेरावा पंचा

बारा पंचे मी बुधवारीच धुते,
नीळ देते, कडक इस्त्री करून सक्रिस्तीत ठेवते.
एक वरचा. असू द्यावा म्हणून.
तेवीस वर्षं हेच काम.
फादर चार झाले, इस्त्र्या दोन जळाल्या,
घंगाळ मात्र तेच, पितळेचं.

एक गोष्ट कुणी बोलत नाही:
पवित्र गुरुवारी ज्यांचे पाय धुवायचे
ते बाराही जण घरून पाय धुऊन येतात.
नखं काढून, टाचा घासून,
विन्सेंट पारखे तर पावडर लावून.
फादर कुजूर गुडघे टेकतात, तांब्या कलता करतात,
आणि पाणी जसं पडतं तसंच
घंगाळात उतरतं. स्वच्छ.
मी ते जास्वंदीला घालते.

त्या साली गुरुवार धुळवडीला लागून आला.
दोन दिवसांवर गेर,
राजवाड्याकडे पाण्याचे टँकर निघालेले.
सायमनदादाला ताप भरला. उरले अकरा.
फादर दारात येऊन म्हणाले,
"कर्नेलियाबाई, कुणी आहे का हो?"

होता ना.
एम.वाय.च्या फाटकापाशी, रसवाल्याच्या मागे,
भेरूलाल. तराण्याकडचा.
साखरेनं दोन बोटं खाल्लेली, तिसऱ्याला लागलेली.
येता-जाता मी त्याला बघायचे,
म्हणजे बघायचे नाही.
सकाळी कचरागाडी गाणं म्हणत यायची,
ओला वेगळा, सुका वेगळा,
आणि त्याला वळसा घालून जायची.

नाव जिभेवर आलं.
पण वेदीपुढचा गालिचा नवा होता.
"नाही फादर," मी म्हटलं.
खजिनदारांचा जावई बसला मग, मोजे काढून.

मिस्सा झाली. पंचे मोजले.
बारा ओले, एक कोरडा.
कोरडाच हाताला जड लागला.

"रेवा दो, बई,"
भेरूलालनं पाय पोत्याखाली ओढला.
मी गुडघे टेकले नाहीत, टेकत नाहीत माझे,
फतकल मारून बसले. बादली इस्पितळाच्या नळाची.
पहिल्या तांब्याला पाणी गुलाबी झालं.
मी दचकले.
"होळीचं आहे," तो हसला.
झोपेत कुणी पोरं रंग टाकून गेली होती.
थट्टा म्हणून,
की याला कोरडा कशाला ठेवा म्हणून,
त्याला माहीत नव्हतं.
दुसऱ्या तांब्याला हिरवं.
तिसऱ्याला खरंच रक्त.

वास होता. मी दोनदा तोंड फिरवलं.
त्यानं ते पाहिलं,
आणि रस्त्याकडे बघत बसला, मुद्दाम,
जणू तिकडून कुणी यायचं होतं.

पुसून झालं तेव्हा त्याचं लक्ष माझ्या पायांकडे.
घोट्याशी सुजलेले, दिवसभर उभी होते.
काही न बोलता त्यानं पोतं अर्धं सरकवलं.
तेवीस वर्षांत
मला बस म्हणणारं ते पहिलं पोतं.

बसले. चरक झाकलेला होता,
घुंगरं तरी मधूनच वाजत होती वाऱ्यानं.
त्यानं मुलीचं नाव सांगितलं, मी विसरले.
विसरायला नको होतं.

सोमवारी मलम घेऊन गेले.
पोतं होतं. तो नव्हता.
रसवाला म्हणाला, वॉर्डात असेल.
वॉर्ड म्हणाला, असा कुणी नाही.
तीन मजले चढले, उतरले.
मलम अजून फळीवर आहे,
तारीख उलटून गेलेली.

पंच्याचा डाग गेला नाही.
लिंबू झालं, सोडा झाला,
वैशाखातलं माळव्याचं ऊन झालं.
कडेला गुलाबी, आत तपकिरी.
फेकून दे, सिस्टर म्हणाल्या.
मी हो म्हटलं,
आणि डाग आतल्या घडीला घेऊन
तो पंचा बाराच्या मधोमध ठेवला.

उद्या गुरुवार.
कुणाच्या तरी पावडर लावलेल्या टाचेला तो लागेल.
कुणाच्या, ते मी मोजलेलं नाही.