रकाना अकरा

ईरीच्या हॉस्पिटलात, तळघरात, माझं टेबल.
बाहेर सरोवर गोठलंय म्हणतात.
मला खिडकी नाही, हीटरची खरखर आहे.
मी पेशंट पाहत नाही, फायली पाहते:
गाठ कुठे, केवढी, काढली का, किती राहिली,
शेवटचा संपर्क कधी.
आणि रकाना अकरा, वैवाहिक स्थिती.
एकपासून पाचपर्यंत आकडे.
नऊ म्हणजे माहीत नाही.

वर्षअखेरीस वरच्या मजल्यावरून आलेख येतो.
पासष्टीपुढचे, मेंदूत गाठ असलेले,
त्यांत लग्न झालेले थोडे जास्त जगतात.
दोन रेघा, शेजारी शेजारी उतरत गेलेल्या,
मध्ये एक फट,
दाराखालून पत्र सरकवता येईल एवढी.

त्या फटीत काय असतं ते मला विचारा.

लेनर्ड प्रुसॅक, चौऱ्याहत्तर. कोड दोन.
बायकोनं नर्सला सांगितलं,
"शब्दकोडं हा कायम पेनानं सोडवतो.
त्या रविवारी यानं पेन्सिल मागितली."
बस्स. मंगळवारी स्कॅन.
पेन्सिल मागणं हे लक्षण आहे
हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?
त्यासाठी बावन्न वर्षं
एकाच टेबलाशी समोर बसावं लागतं.

व्हर्ना टब्ज, अठ्ठ्याहत्तर. कोड एक.
तीस हिवाळे शाळेची बस चालवली, एक ओरखडा नाही.
तिच्यातून डावी बाजू निघून गेली
आणि गेलेली तिला कळली नाही;
या आजाराची रीतच ती.
डाव्या बाहीत हात नाही. डाव्या पायात मोजा नाही.
ताटातला डावीकडचा बटाटा तसाच,
आणि ती म्हणणार, झालं माझं जेवून.
मांजर होतं घरात.
त्याचा वाडगा डावीकडे होता.

पोस्टमननं फोन केला तेव्हा गाठ लिंबाएवढी.
(डॉक्टरांना फळांशिवाय मापं सुचत नाहीत.)

आणि हा गॉर्डन हॅस्केल. कोड चार, घटस्फोटित.
मीडव्हिलहून चाळीस मैल, रोज, तीस वेळा, बर्फातून.
"गाडी आधीची पत्नी चालवते," सोशल वर्कर लिहिते,
"दोघं वाटभर भांडतात."
एका नोंदीत: आज भांडण नाही. तिला काळजी वाटते.
रेडिएशन संपल्यावर त्याच्या तोंडाचा तो जाळीचा मास्क
तिनं मागून घेतला.
टोमॅटोच्या वाफ्यात लावीन म्हणाली,
पाखरं तरी घाबरतील याला.
मी चारच टाकला.
आणखी कुठला टाकणार?
खालच्या रेघेत जाऊन बसला तो,
आणि ती रेघ केसभर वर उचलली असेल
तर त्याचं श्रेय कुणाच्या नावावर, ते फॉर्म विचारत नाही.

कोड दोन असेही येतात
ज्यांची बायको फोन उचलत नाही.
त्यांच्याबद्दल आज नको.

माझं म्हणाल तर दोन.
नवरा फीनिक्सला, मी इथे, सातवं वर्ष.
भांडण असं नाही. नोकऱ्या.
रविवारी बोलतो, हवामानावर जास्त.
हल्ली डबा उघडला की आत काय निघेल याचं मलाच कुतूहल असतं.
पन्नाशीनंतर व्हायचंच असं, म्हणतात.
म्हणतात म्हणजे मीच म्हणते,
झाकण काढताना, मोठ्यानं.

परवा शेजारच्या टेबलावरची मार्जरी,
कोड पाच, दोन मुलगे, मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेली,
खुर्ची फिरवून माझ्याकडे बघत राहिली.
"तुझा तो कपाळावरचा ठिपका," म्हणाली,
"पूर्वी मधोमध असायचा ना?"

मी हात लावून पाहिला.
भुवईच्या टोकाला होता.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.
ती आठवू लागली.