स्टार सत्तर

टोलीडो, ओहायो. जानेवारी. खिडकीला आतून बर्फ.
डॉलोरेस नोवित्स्कीबाईंचा मॉडेम
रोज रात्री नऊच्या सुमारास मान टाकतो.

मी टेबलाखाली पालथा.
मांजराने चावलेली वायर बदलली,
वेग उतरवला, ड्रायव्हर पुन्हा चढवला,
स्पीकर मोठा केला: आधी टूंss, मग किरकिर,
मग पत्र्यावर खिळा ओढावा तसं काही,
मग शांत. जुळलं.
नऊ वाजून चार मिनिटांनी टुक्.
तुटलं, आणि मॉडेम लगेच पुन्हा नंबर फिरवू लागला.

तेव्हा कुठे ट्यूब पेटली:
कॉल वेटिंग. मधेच कुणीतरी दार वाजवतंय.
नंबराआधी स्टार सत्तर घातलं, पुढे स्वल्पविराम.
दहा वाजले. साडेदहा.
मी कोट चढवला.

बाई स्क्रीनकडे बघतच नव्हत्या.
"नऊला कोण करत असेल फोन?"
मला काय ठाऊक.
"टूसॉनला थेरेसा असते. मला वाटलं,
हल्ली करतच नाही."

कोटासकट पुन्हा बसलो.
तीन अक्षरं खोडली, मागे उरलेला स्वल्पविरामही,
आणि 'तुटल्यास पुन्हा डायल करा'पुढची खूण काढली.
आता रोज तुटेल, म्हणालो.

त्या फोन खुर्चीकडे ओढत होत्या.
वायर वीतभर तोकडी पडत होती.