नजर

सुपडाबाईंनी, माझ्या सासूने,
जळगावच्या डाळमिलमध्ये एकवीस वर्षं खडे वेचले.
मग कॅमेऱ्याचं यंत्र आलं.
एक फुंकर, खडा बाहेर.
बायकाही.

मी रात्री मोबाइलवर चित्रं बघते,
डाळ की खडा, बोट लावून सांगते,
चित्रामागे तीस पैसे.
कुठल्या यंत्राला शिकवतेय, ठाऊक नाही.

एकदा त्या मागून वाकल्या:
"हाऊ खडा नही व, तूरनं फोतर शे."
मी बोट हलवलं.
यंत्र तेही शिकलं.

परवापासून चित्रं येत नाहीत.
त्याला आता विचारायचं नसेल काही.

सासूबाई उंबऱ्यात ताट घेऊन बसल्यात.
पाकिटातली डाळ. खडा एकही नाही.
पुन्हा पसरतात.