होळकर पुलावर

रविवारी प्रभुभोजनाआधी
एलिया उजागरेला मी माफ केलं.
सोमवारी बेकरीत त्याची पाठ दिसली
आणि फॅक्टरीच्या चौकशीतली त्याची साक्ष
शब्द न् शब्द आठवली,
माझा सहा महिन्यांचा बुडालेला पगार,
राहेलची सुटलेली शिकवणी.

मंगळवारी पुन्हा माफ केलं, दात घासताना.
चूळ भरेपर्यंत टिकलं.

आज होळकर पुलावर
तो स्कूटर ढकलत होता, धापा टाकत.
मी पुढं गेलो.
वळलो.
मागून हात लावला.
खडकीपर्यंत दोघंही बोललो नाही.

पंक्चरवाल्यानं पकडीनं खिळा उपसला,
म्हणाला, बऱ्याच दिवसांचा आहे, आतच गंजलाय.
एलिया खिसे चाचपत राहिला.
पैसे मीच दिले.

उद्याचं उद्या.