खिडकीजवळची खाट

सेट पस्तीस रियाल, वर्गणी महिन्याला तीन.
दुकानातला पोरगा म्हणाला, वर्षाची एकदम भरा,
एक महिना फुकट.
मी मनातल्या मनात एकशे पंधराने गुणलं.
नऊ वर्षांत इथे चहासुद्धा
गुणल्याशिवाय घशाखाली उतरलेला नाही.

माहितीपत्रक गुळगुळीत. हिंदीची चार स्टेशनं,
मग मलयाळम, तमिळ, पंजाबी, बांगला.
मी बोट खालपर्यंत नेलं, पान उलटलं.
मागे नुसतं उपग्रहाचं चित्र.
"मराठी?"
"येणार, सर. लवकरच."

लवकरच हा शब्द माझ्या ओळखीचा आहे.
कंपनी पगारवाढीसाठी वापरते,
मी घरी फोनवर.

सोहारचा कॅम्प, खोली चौदा.
माणसं सहा, खिडकी एक.
अँटेनाला नैर्ऋत्येचं उघडं आकाश लागतं,
खिडकी नेमकी नैर्ऋत्येला,
आणि खिडकीला लागून खाट दिलबहादूरची.
तो रात्रपाळीचा. दिवसा झोपतो
डोळ्यांवर टॉवेल बांधून, पुरल्यासारखा.

शुक्रवारी जेवणानंतर बैठक बसली.
बिजू म्हणाला, सेट माझा, वर्गणी सहा जणांत,
डोईवर अर्धा रियाल.
सुखदेव कबूल.
सेल्वमला रात्री नऊ ते दहा हवेत, आणि तेही लेखी.
रफिकुल म्हणाला, फक्त बातम्या, गाणी नकोत,
गाण्यांनी पैसे खर्च होतात.
मी म्हणालो, माझी भाषा त्यात नाही.
टॉवेलखालून आवाज आला, माझीपण नाही.

मग बिजूने सगळ्यांना समजावलं:
उपग्रह वर एका जागी उभा असतो.
म्हणजे उभा नसतो,
पृथ्वीच्याच वेगाने पळत असतो,
म्हणून उभा वाटतो.

हे मला समजावायची गरज नव्हती.

माझ्याकडे एक ट्रान्झिस्टर आहे,
पाठीला रबरबँड, काट्याच्या जागी आगकाडी.
रात्री साडेआठनंतर पाण्याच्या टाकीवर चढलं,
श्वास धरून चाक केसभर सरकवलं,
तर एखाद्या दिवशी रत्नागिरी लागते.
लागते म्हणजे काय,
एक अरबी निवेदक आणि एक फारसी बाई
यांच्यामधल्या फटीतून कुणीतरी
बाजारभाव सांगतं, तेही अर्धेमुर्धे:
काजू बी... किलोला...
पुढे खरखर.
आकडा हाजराला फोनवर विचारावा लागतो.
ती म्हणते, आपली चार झाडं,
तीही भावाच्या वाटणीत गेली,
तुम्हाला कशाला हवा काजूचा भाव?
मला भाव नको असतो.

दुकानात ऐकलेला आवाज मात्र साफ होता.
इतका, की निवेदिकेने ओठ ओले केलेले कळले.
छत्तीस हजार किलोमीटर वर जाऊन परत येऊन
त्याला कुठे धूळ लागली नव्हती.
मी हेडफोन काढून मागे पाहिलं,
बाई मागेच उभी असावी असं वाटून.

पत्रक पंधरा दिवस उशीखाली राहिलं.
पगाराच्या दिवशी दिलबहादूरने
अर्धा रियाल मोजून बिजूच्या हातावर ठेवला.
म्हणाला, सेट माझ्या उशाशी ठेवा,
पण दिवसा मला न कळणारी भाषा लावा.
कळली की झोप उडते.
त्याने दिले, मग मीही दिले.
आता यापेक्षा मोठं कारण
कुणी विचारलं तर माझ्याजवळ नाही.

खिडकीत आता हिरवा दिवा असतो.
काल सेल्वमचा तास चालू होता,
मी टाकीवर.
दिलबहादूर बुटांच्या नाड्या सोडलेल्याच ठेवून
शिडी चढून आला.
"लागलं?"
"नाही. समुद्रच आहे अजून."
त्याने कान लावला, बराच वेळ.
"याचे किती?"
"याचे काही नाही."
"मग राहू दे चालू," तो म्हणाला
आणि नाड्या बांधायला बसला.
पाळीची बस यायला
अजून सात मिनिटं होती.